लांब पल्ल्याच्या रायफलीसाठी परवडणारी ॲक्शन : मुंबईत राहून काय जमेल?

दादर_पश्चिम

नमस्कार मंडळी. सहा वर्षं वरळीच्या रेंजवर पालथं पडून 50 मीटर मारतोय, तेही क्लबच्या रायफलीवर. गेल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेला किमान गुण गाठला आणि 'नामवंत नेमबाज' हा शिक्का मिळाला. परवान्याचं कामही आता मार्गी लागलंय. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची रायफल घ्यायची वेळ आली आहे.

मनात मात्र 300 मीटर आहे. परदेशातले लोक लांब पल्ल्याची रायफल कशी जमवतात ते वर्षभर बघतोय. आधी एक चांगली ॲक्शन (काडतूस आत घेऊन बंद करणारा मधला भाग), मग हव्या त्या कंपनीची बॅरल (नळी), आपल्या मापाचा स्टॉक (दस्ता), आपल्या बोटाला मानवणारा ट्रिगर. तयार रायफल घेऊन तिच्या मापात आपण बसायचं, त्यापेक्षा रायफलच आपल्या मापाची. क्लबच्या रायफलीचा चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग, मला कधीच बसला नाही. दर सिरीजनंतर मान अवघडते आणि शेवटच्या दहा गोळ्यांत गुण जातात.

तर प्रश्न असा, की परवडणारी ॲक्शन कुठली? रेमिंग्टन 700 च्या मापाच्या ॲक्शन स्वस्तात मिळतात असं वाचलं. टिक्का, होवा, सॅव्हेज ही नावंही सारखी येतात. बजेट सगळं मिळून दोन लाखांच्या आत. मुंबईत कुणी असं काही जमवलंय का? नुसती ॲक्शन कुणाकडून घेता येते का?

वाटाड्या_ठाणे

महत्त्वाचा विषय. वाचनखूण साठवली.

क्लीव्हलँडकर

मी मूळचा विलेपार्ल्याचा, आता ओहायोत. इथे दोन रायफली जमवल्या आहेत, त्यामुळे इकडचं चित्र सांगतो. तिकडे काय चालतं ते जाणकार सांगतीलच.

इथे कायद्याच्या दृष्टीने 'बंदूक' म्हणजे रिसीव्हर, ॲक्शनचं बाहेरचं कवच. नंबर त्याच्यावर असतो, तोच परवानाधारक दुकानदारामार्फत घ्यावा लागतो. बॅरल, स्टॉक, ट्रिगर सरळ कुरियरने घरी येतात. सुटी ॲक्शन घेऊन रायफल जमवायचा छंद इथे वाढला तो यामुळे.

रेमिंग्टन 700 ही 1962 ची रायफल. तिचं माप आता सगळ्या धंद्याने मान्य केल्यासारखं झालंय. ॲक्शन कुणाचीही असो, 700 च्या मापाची असली की शेकडो स्टॉक आणि डझनभर ट्रिगर तिला जसेच्या तसे बसतात. सॅव्हेज 110 ची गंमत वेगळी. तिची बॅरल एका मोठ्या नटाने आवळतात, त्यामुळे गेज लावून हेडस्पेस (काडतूस बसायच्या जागेचं नेमकं अंतर) जुळवणं सोपं जातं. ही रचना 1958 पासूनची आहे. टिक्का फिनलंडची. बोल्ट (काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा) फक्त 70 अंश उचलावा लागतो आणि तो सरकतो असा, की पहिल्यांदा हाताळली तेव्हा मी रिकामा बोल्ट वीस वेळा पुढे-मागे केला असेल. होवा जपानची. खालून सपाट, रिकॉइल लग (धक्का स्टॉकवर देणारा खुंट) ॲक्शनच्याच अंगाचा.

माझा स्वतःचा अनुभव असा, की सुटी कस्टम ॲक्शन घेण्यापेक्षा टिक्काची अख्खी रायफल घेतली आणि नंतर बॅरल बदलली, ते स्वस्त पडलं. आख्खी रायफल बहुतेक वेळा चांगल्या सुट्या ॲक्शनच्या किमतीत किंवा त्याहून कमीत येते.

आणि एक गोष्ट कळकळीने. इथून कुणा भावाला-मित्राला 'येताना एक ॲक्शन घेऊन ये' असं चुकूनही सांगू नका. इथून बाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो, तिकडे उतरल्यावर आयातीचा. बॅगेत सापडली तर दोन्हीकडे गुन्हा.

कलम_पाच

दादर_पश्चिम, तुमच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर आधी घ्या, मग कंपन्यांच्या नावांकडे वळा. मी शस्त्र परवान्यांची कामं करते.

1959 च्या शस्त्र अधिनियमात कलम 2 मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या आहे, आणि तिच्यात अग्निशस्त्राचे सुटे भागसुद्धा येतात. म्हणजे नुसती ॲक्शन, नुसता बोल्ट, नुसती बॅरल, आपल्याकडे प्रत्येकाला बंदुकीचेच नियम. अमेरिकेसारखी 'एवढा भाग बंदूक, बाकीचं सामान' अशी सोय इथे नाही.

दुसरं, कलम 5. बंदूक बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, तिच्यात बदल करणं, या सगळ्याला वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडे बाळगण्याचा परवाना असला तरी घरी बसून बॅरल बदलायचा हक्क त्यातून मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. हे घाबरवायला लिहीत नाही. माझ्याकडे एक तरुण नेमबाज आला होता. चांगला खेळाडू, हेतू शंभर टक्के स्वच्छ. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये काम करून घेतलं होतं, एवढंच. त्याची खेळातली दोन वर्षं तारखांत गेली.

तिसरं, बोअर, म्हणजे नळीचं माप. परदेशी व्हिडिओंत लांब पल्ल्याला .308 विंचेस्टर (7.62 चंच नागरी भावंड) सर्रास दिसते. आपल्याकडे .303 आणि 7.62 मिमी ही सैन्याची काडतुसं ज्या रायफलीत बसतात ती निषिद्ध वर्गात जाते, आणि सामान्य परवान्यावर मिळत नाही. .315 आणि .30-06 चालतात. तेव्हा ॲक्शनच्या आधी परवान्यावर कुठलं बोअर लिहिलंय ते बघा.

चौथं, आयात. नामवंत नेमबाजांना राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीवर खेळाची शस्त्रं मागवता येतात. पण ती तुमच्या प्रकारासाठी. 50 मीटरच्या गुणावर 300 मीटरची रायफल मागायला गेलात तर पहिला प्रश्न हाच येईल, की या प्रकारात तुमचा गुण कुठे आहे?

दादर_पश्चिम

ताई, मनापासून आभार. सुट्या भागांचं हे मला अजिबात माहीत नव्हतं. व्हिडिओ बघून मी बॅरलच्या जाहिराती सेव्ह करत बसलो होतो. परवाना .22 चा आहे.

लेथवाला_वागळे

मी बंदुकीचं काम करत नाही, कधी केलेलं नाही. वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये 31 वर्षं काढली आणि मुलगी एअर रायफल मारते, त्यामुळे या यंत्राचा अभ्यास केला. ॲक्शन 'चांगली' म्हणजे नेमकं काय, तेवढं सांगतो. पैसे कशाचे मोजतोय हे कळलेलं बरं.

ॲक्शनमध्ये एक अक्ष असतो, बोल्ट ज्या रेषेत सरकतो तो. बॅरलचे आटे त्याच रेषेत हवेत. ज्या तोंडावर बॅरल टेकते ते तोंड त्या रेषेला काटकोनात हवं. बोल्टचे दोन्ही लग (बंद झाल्यावर अडकणारे कान) आपापल्या बैठकीवर सारखे टेकले पाहिजेत. ब्लू (खूण उमटवणारा निळा रंग) लावून बघितलं आणि एकाच लगचा निळा पुसला गेला, तर गोळी सुटताना सगळा दाब एका बाजूला जातो आणि दर वेळी यंत्र थोडं वाकडं ओढलं जातं. कस्टम ॲक्शनला जास्त पैसे पडतात ते हे सगळं एका सेटिंगमध्ये, शतांशात राखलेलं असतं म्हणून. कारखान्याच्या ॲक्शनमध्ये तेच काम नंतर करतात, त्याला ट्रूइंग म्हणतात.

700 स्वस्त का, तर तिचं रिसीव्हर गोल आहे. गोल जॉब लेथच्या चकात धरला की अर्धं काम झालं. रिकॉइल लगसुद्धा वेगळा, जाड वॉशरसारखा, बॅरल आणि रिसीव्हर यांच्या मध्ये चेपलेला. रचना करणाऱ्याने खर्च कुठे वाचवायचा हे फार डोक्याने ठरवलंय. त्याबद्दल मला आदर वाटतो.

पण नीट बनलेल्या कारखान्याच्या ॲक्शनमध्ये आणि महागड्या ॲक्शनमध्ये कागदावर जो फरक दिसतो, तो बॅरल आणि गोळी यांच्या फरकापुढे लहान आहे. पैसा मोजका असेल तर आधी बॅरल. इथे कुणाचं मत वेगळं असेल तर ऐकायला आवडेल.

सुभेदार_कोरेगाव

लेथवालेसाहेब, मत वेगळं नाही, भर घालतो. नोकरीत 300 मीटर पुष्कळ मारलंय.

दादरकर, तुम्ही 300 मीटरला ॲक्शन फार भारी लागेल असं धरून चाललाय. आकडे बघा. 50 मीटरच्या निशाणावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलीमीटर. 300 मीटरच्या निशाणावर दहाचं वर्तुळ 100 मिलीमीटर. अंतर सहापट, वर्तुळ साडेनऊपट. म्हणजे कोनात बघितलं तर तुम्ही रोज जे मारताय तेच बारीक आहे. यंत्राकडून जास्त अपेक्षा 50 मीटरला आहे. 300 ला जे जड जातं ते वारा, धक्का आणि काडतुसाचा खर्च. यातलं एकही महाग ॲक्शनने सुटत नाही.

दुसरं, मारणार कुठे? रायफल जमवाल, पण आठवड्यातून तीनदा 300 मीटर मारायला मुंबईत जागा कुठली? देशात हा प्रकार जास्त करून सैन्याच्या नेमबाजांकडे का राहिला, त्याचं एक कारण हेच. महूच्या मार्क्समनशिप युनिटसारखी सोय नागरी नेमबाजाला दाराशी मिळत नाही. कपाटात ठेवलेली रायफल नेम शिकवत नाही.

वरळीची_ताई

मी शिकवते, त्यामुळे थोडं कडक लिहीन, राग मानू नकोस.

तुझी मान अवघडते, शेवटच्या दहांत गुण जातात, हे तू स्वतः लिहिलंस. मग तुझी अडचण स्टॉकची आहे. ॲक्शन त्यात कुठे आली? क्लबची रायफल दहा जणांच्या हातात फिरते आणि चीकपीस रोज हलतो. स्वतःची घे, नक्की घे. पण .22 घे, तुझ्या प्रकाराची.

आपल्याकडे 'परवडणारी ॲक्शन' असा शब्द वापरायचाच असेल, तर मी म्हणेन अँशुट्झ या जर्मन कंपनीची मॅच 54. आपल्या रेंजवर तिच्यावर बसवलेल्या जुन्या 1907 आणि 1913 मॉडेलच्या रायफली बघशील. जड, घट्ट ॲक्शन, बोल्ट मागे लॉक होतो, आणि 5018 चा दोन टप्प्यांचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास बसवता येतो. हिच्याच घरातली मॅच 64 हलकी आणि स्वस्त, शिकणाऱ्याला छान. पण तू त्या टप्प्याच्या पुढे गेलायस. खेळ सोडणारे, वय झालेले नेमबाज आपल्या रायफली विकायला काढतात. .22 च्या बॅरलला मोठ्या बोअरसारखी झीज नसते, त्यामुळे नीट राखलेली वीस वर्षांची रायफलसुद्धा उत्तम मारते. जुना लाकडी स्टॉक बसला नाही तर पुढे ॲल्युमिनियमचा घे. तुझ्या मापाची रायफल अशी तयार होईल, आणि ॲक्शन-बॅरलला कुणी हातही लावणार नाही.

आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्ण मिळवलं ते 50 मीटर प्रोनमध्येच, पालथं पडून. स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यही 50 मीटरचंच. हे अंतर छोटं नाही रे.

दादर_पश्चिम

ताई, राग कसला. तीनदा वाचलं. खरं सांगायचं तर जरा वाईट वाटलं, कारण 300 मीटरचं चित्र फार दिवस मनात होतं. पण सुभेदारसाहेबांनी वर्तुळांचा हिशेब मांडला आणि मी गप्प झालो. वापरलेली घ्यायची तर बघायचं काय?

लेथवाला_वागळे

यंत्राच्या बाजूने सांगतो. बोल्ट बाहेर काढून चेंबरच्या (काडतूस बसतं त्या पोकळीच्या) तोंडाची कड बोटाच्या नखाने तपासा. रिकामी रायफल वारंवार चालवली असेल तर फायरिंग पिनने तिथे खड्डा पडलेला असतो, नख अडकतं. .22 मध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, त्यामुळे हा खड्डा पडला की काडतूस आत नीट बसत नाही. मारलेल्या काडतुसाची रिकामी केस (पितळी कवच) बघा. कडेवरची खूण प्रत्येक केसवर सारख्या खोलीची हवी. एक्स्ट्रॅक्टरचे (रिकामी केस ओढून काढणाऱ्या आकड्याचे) दात झिजलेत का ते बघा. बॅरलच्या पुढच्या तोंडावर, क्राउनवर, सफाईच्या रॉडने घासल्याची खूण असेल तर सावध.

वरळीची_ताई

आणि गोळी! रायफल घ्यायच्या आधी त्याच रायफलीवर, मालक शेजारी उभा असताना, तीन-चार वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत बनलेल्या, गोळ्या मार. एली कंपनीचा एक लॉट चालेल, तशाच डब्यातला दुसरा लॉट चालणार नाही. .22 ला गोळी स्वतः भरता येत नाही, त्यामुळे लॉट निवडणं एवढंच आपल्या हातात असतं. ॲक्शनवर वाचवलेले पैसे चांगला लॉट सापडला की त्याचे डबे घ्यायला ठेव.

कलम_पाच

विकत घेताना तेवढं 45 दिवसांचं लक्षात ठेवा. परवानाधारकाने स्वतःची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला द्यायची तर आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. त्यानंतर किमान 45 दिवस थांबायचं, मगच हात बदलायचा. मुंबईत परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयात होतं. रायफल आयात केलेली असेल तर तिच्या विक्रीवर अटी असू शकतात, मालकाकडून आयातीचे मूळ कागद मागून घ्या. पैसे आधी, कागद नंतर, असं करू नका.

संपादक मंडळ

धाग्यावर शस्त्र विक्रीची किंवा मागणीची जाहिरात देऊ नये. अशी एक प्रतिक्रिया काढली आहे. व्यक्तिगत निरोपातूनही असे व्यवहार करू नयेत ही विनंती.

दादर_पश्चिम

पाच आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

ताईंच्या ओळखीने ठाण्यातले एक काका भेटले. सत्तरीचे, गुडघ्यांमुळे आता पालथं पडता येत नाही. त्यांची 1913, मॅच 54. पेटी उघडली तर आत मऊ पिवळ्या कापडात बोल्ट वेगळा गुंडाळलेला, आणि वहीत 1998 पासूनच्या प्रत्येक स्पर्धेची नोंद, कुठला लॉट, किती गोळ्या, वारा कुठून. मी नखाने चेंबरची कड तपासली, गुळगुळीत. काकांनी ते बघितलं आणि म्हणाले, 'कुणी शिकवलं?' लेथवालेकाका, तुमचं नाव सांगितलं.

मागच्या रविवारी ते स्वतः रायफल घेऊन वरळीला आले. चार लॉट मारले, प्रत्येकी दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप. पहिले दोन लॉट सैल. तिसऱ्याने एक छान ग्रुप दिला, दुसरा विखुरला. चौथ्या लॉटचे दोन्ही ग्रुप दहाच्या वर्तुळात, एकेक गोळी तेवढी रेघेला लागलेली. समुद्राकडून वारा होता, त्यात हे. बोल्ट उचलला की केस हातात आल्यासारखी बाहेर पडते, कुठे अडखळत नाही. क्लबच्या रायफलीवर ज्याला मी माझी चूक समजत होतो त्यातलं थोडं तरी माझं नव्हतं, हे त्या दिवशी कळलं.

स्टॉक लाकडी आहे. चीकपीस पूर्ण वर घेऊनही मला अर्धा सेंटीमीटर कमी पडतो. ॲल्युमिनियमच्या स्टॉकसाठी पैसे साठवतोय. काकांनी पोलीस ठाण्यात लेखी कळवलंय, 45 दिवस सुरू झालेत. आयातीचे कागद ताईंनी (कलम_पाच) बघून दिले.

एक शंका. घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. जून-जुलैत कपाटातल्या चामड्याच्या बुटांवर बुरशी येते. रायफल कशी ठेवू?

सुभेदार_कोरेगाव

अभिनंदन. फोमच्या पेटीत पावसाळाभर ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. सरावाहून आलात की आधी अर्धा तास पंख्याखाली बाहेर ठेवा, मग पुसा. घामाचे हात बोल्टच्या मुठीला लागतात, गंज पहिला तिथे येतो. तेलाचा पातळ हात, चिंब नको.

वरळीची_ताई

चेंबरमध्ये तेल राहू देऊ नकोस, मारण्याआधी कोरडा पॅच (कापडाचा तुकडा) फिरव. .22 च्या गोळीवरचं मेण चेंबरच्या तोंडाशी कडक होऊन बसतं, ते दर सरावानंतर काढ. आणि स्टॉकचे दोन स्क्रू टॉर्क पान्यानेच आवळ, 5 न्यूटन-मीटरच्या आसपास. काकांच्या वहीत त्यांचा आकडा असेल, तोच ठेव. लाकूड पावसात फुगतं, म्हणून जुलैत दर आठवड्याला तपास. रविवारी सात वाजता ये, चीकपीसखाली तात्पुरतं काहीतरी बसवून बघू.

दादर_पश्चिम

आकडा आहे वहीत, शेवटच्या पानावर, पेन्सिलने. रविवारी येतो ताई.